तिसरा व्हॉल्व्ह

नाव: मेल्विन आर्नल्ड हेग. राहणार मार्सडेन, कालव्याच्या अलीकडची ओळ, टोकाचं घर. वय सहासष्ट. धंदा: घरगुती ऊब व गरम पाणी यांची जोडणी, दुरुस्ती आणि त्यासंबंधी न विचारलेला सल्ला. निवृत्ती जाहीर, अंमलबजावणी प्रलंबित. वैवाहिक स्थिती: विवाहित, पत्नी ऑड्री. ओळखीची खूण: कोणाच्याही घरात पाऊल ठेवताच, रामराम होण्याआधी, खोली तापवणाऱ्या जवळच्या रेडिएटरवर तळहात ठेवणे (मयताच्या घरीही). सदर इसम स्वतःच्या राहत्या घरातील तापमानाबाबत अंतिम व एकमेव अधिकारी असून त्याच्या निर्णयावर अपील चालत नाही.

यातलं शेवटचं कलम ऑड्रीला ठाऊक नव्हतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, मेल्विन ते नुसतंच मनात बाळगून होता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मनातलं सगळंच बोलून दाखवायची गरज उरत नाही.

त्या हिवाळ्यात या अधिकाराला पहिल्यांदा धक्का बसला तो विल्फमुळे. विल्फ सायक्स म्हणजे ऑड्रीचे वडील. नव्वदीला टेकलेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खालच्या लोकर गिरणीच्या बॉयलरघरात काढली, आणि गिरणी बंद पडली तेव्हा शेवटची वाफ त्यांनीच सोडली. नंतर टेकडीवरच्या आपल्या घरात ते एकटे राहत होते. एक खोली कोळशाच्या शेगडीने तापलेली, बाकीच्या खोल्या देवाच्या भरवशावर. नोव्हेंबरात मागच्या अंगणातल्या बर्फावरून पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि दूधवाला येईपर्यंत ते आभाळाकडे बघत पडून राहिले. दूधवाल्याला म्हणाले, "दोन बाटल्या ठेव." ऑड्रीने त्याच दिवशी त्यांना खाली आपल्या घरी आणलं आणि वरच्या मजल्यावरची मागची खोली दिली.

"ईस्टरपर्यंत," विल्फ म्हणाले.

"बघू," ऑड्री म्हणाली.

"बघू नाही. ईस्टरला मी वर जाणार."

ऑड्रीने वाद घातला नाही. रात्री अंथरुणात मात्र ती मेल्विनला म्हणाली, "ते वर गेले तर पुढच्या खेपेला दूधवाल्याला काय सापडेल, हे मला माहीत आहे. त्यांना इथे राहायला काहीतरी कारण हवं. मी कारण होऊ शकत नाही, मी मुलगी आहे. तू बघ काहीतरी."

मेल्विनने 'हं' म्हटलं आणि कूस बदलली. पण ऐकलं होतं.

विल्फने आपलं कारण आपणच शोधलं. जिना चढून वर गेलं की समोर टाकीचं कपाट होतं: आत गरम पाण्याची तांब्याची टाकी, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर ऑड्रीचे टॉवेल आणि चादरी, म्हणजे आंघोळीनंतर अंगाला लागेल ते सगळं ऊबदार. टाकीच्या बगलेला तीन तोंडांचा व्हॉल्व्ह. बॉयलरचं गरम पाणी एका तोंडाने आत यायचं. ते टाकीकडे पाठवायचं, रेडिएटरकडे, की दोन्हींकडे, हे वर बसवलेली मुठीएवढी मोटर ठरवायची. मोटरच्या बाजूला एक बारीक दांडी. नव्याने पाणी भरताना फिटरने ती हाताने ओढून खाचेत अडकवायची, काम झालं की सोडायची. घरातल्या माणसांनी तिला हात लावायचं कारण नसतं.

विल्फ कपाटात खुर्ची घेऊन बसू लागले. दार अर्धं उघडं, मांडीवर वर्तमानपत्र, पाठीला टाकी. बॉयलरघरात माणूस बसतो तसे. आणि दिवसातून एकदा तरी ती दांडी ओढून खाचेत अडकवायचे. अडकवली की दोन्ही तोंडं उघडी. ऑड्रीने भांड्यांपुरतं पाणी तापवायला घेतलं तरी घरातले सगळे रेडिएटर पेटून उठत.

"बाबा, तुम्ही परत दांडी ओढलीत?"

"घर गार होतं."

"घर गार नव्हतं. जानेवारीत मी बाह्या दुमडून फिरतेय."

"मग आता नाही ना गार?"

मेल्विन मुकाट्याने वर जाई आणि दांडी सोडवून येई. चहा होईपर्यंत ती पुन्हा अडकलेली असे. एकदा त्याने समजुतीने सांगून पाहिलं. "विल्फ, ती आपोआप चालते. मोटर आहे तिला."

"बघितली मी मोटर," विल्फ म्हणाले. "खेळण्यातल्या आगगाडीला याहून मोठी असते."

जानेवारी संपता संपता या ओढाताणीने ती मोटर गेली. रेडिएटर तापले ते तापलेच राहिले, आणि खिडकीतल्या कुंडीतल्या हायसिंथ माना टाकून मोकळ्या झाल्या. नवा व्हॉल्व्ह आणणं भाग होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की व्हॉल्व्ह निवडणं ही मेल्विनसाठी साधी बाब नव्हती. त्याच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक तीन तोंडांचा, एकच व्हॉल्व्ह लावून मोकळा होणारा. दुसरा दोन तोंडांचे दोन लावणारा, टाकीला एक, रेडिएटरला एक. दुसरा पंथ म्हणतो, बिघाड सापडायला सोपं. पहिला म्हणतो, बिघडायला एक वस्तू कमी. या प्रश्नावर एका लग्नात दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या टेबलांवर जेवलेले मेल्विनने पाहिले होते. तो स्वतः जन्मभर पहिल्या पंथाचा. त्यामुळे शेजारच्या गावी, स्लॉइटच्या पुलाजवळच्या दुकानात तो शिरताच काउंटरवरच्या इम्तियाझने न विचारताच मागच्या फळीकडे हात नेला.

"तीन तोंडांचा. दुसरं काही तू आयुष्यात घेतलेलं नाहीस."

"या खेपेला दोन तोंडांचे दे. तीन."

इम्तियाझचा हात हवेतच राहिला. स्टुलावर चहा पीत बसलेला गार्साइड, दुसऱ्या पंथातला जुना फिटर, हळूच म्हणाला, "आला. मरणाआधी आला शेवटी."

"तीन कशाला?" इम्तियाझने विचारलं. "एक टाकीला, एक रेडिएटरला. आणि?"

"एक सासऱ्याला."

"माझ्या सासऱ्यासाठी असता," गार्साइड म्हणाला, "तर मी नुसतं तोंड बंद करणारा घेतला असता."

"तिसऱ्याचा पाइप कुठे जाणार?" इम्तियाझ म्हणाला.

"कुठेच नाही."

इम्तियाझला हे लगेच कळलं, कारण धंद्यातल्या सगळ्यांनाच कळतं. एखाद्या कचेरीत खिडकीजवळच्या बाईला गरम होतं आणि दाराजवळच्या बाईला गार. दोघी एकाच थर्मोस्टॅटवरून भांडतात. मग फिटर दाराजवळ दुसरा थर्मोस्टॅट लावून देतो. त्याला मागे वायर नसते. दाराजवळच्या बाईचं अंग दुसऱ्या दिवशीपासून ऊबदार. मेल्विनने असे बरेच लावले होते. घरी त्याला तो 'समाधानाची डबी' म्हणायचा, आणि ऑड्री दरवेळी नाक मुरडायची.

"मग नवा कशाला नेतोस?" इम्तियाझ म्हणाला. "परत आलेला माल मागे पडलाय. मोटर जळलेला एक घेऊन जा. दांडी शाबूत आहे, स्प्रिंगही कडक आहे. हाताला खरा वाटेल."

मेल्विनने ते काम मन लावून केलं. हे कबूल करायला हवं; फसवणूक असली तरी जोडणी सुबक होती. दोन खरे व्हॉल्व्ह त्याने टाकीमागे लावून वर लाकडी फळी ठोकली. टाकीकडच्याची दांडी मुद्दाम भिंतीकडे केली, कारण तो उघडा राहिला तर टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं आणि त्यात चेष्टा नाही. पुढे, अगदी खुर्चीतून हात पोचेल असा, तिसरा. पाइपाचा एक तुकडा, दोन्ही टोकं बुजवलेली. गार लागला तर संशय यायचा, म्हणून तो तुकडा टाकीच्या गरम पाइपाला चिकटवून बांधला.

"हा तुमचा," तो विल्फना म्हणाला. "लागेल तेव्हा उघडा."

विल्फनी दांडी ओढली. ती खाचेत बसली. संध्याकाळी त्यांनी ऑड्रीकडे पितळ घासायची डबी मागितली आणि व्हॉल्व्हचं अंग घासून लख्ख केलं. मग तेलाची कुपी मागितली. ऑड्री जिन्यात उभी राहून ऐकत राहिली. आत तिचे वडील शीळ घालत होते. ती शीळ तिने लहानपणानंतर ऐकली नव्हती. खाली येऊन तिने मेल्विनला न विचारता दुसरा चहा दिला.

घर मेल्विनला हवं तितकंच ऊबदार होतं. हायसिंथ सावरल्या. फेब्रुवारी असा गेला की मेल्विनला आपल्या हुशारीचं स्वतःलाच कौतुक वाटू लागलं, आणि ते सांगायला घरात कोणी नाही याची खंत.

एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते. भाजलेलं मटण, त्याबरोबरचं खारं पुडिंग, सॉसचं भांडं हातोहात फिरत होतं.

"आमच्या गिरणीत पॉगसन म्हणून मॅनेजर होता," विल्फ म्हणाले. "त्याला कायम थंडी वाजायची. रोज माणूस पाठवायचा खाली, वाफ वाढव म्हणून. शेवटी मी त्याच्या खोलीत भिंतीवर एक पितळी चक्री लावून दिली. म्हटलं, साहेब, आता तुमच्या हातात. डावीकडे गरम, उजवीकडे गार. भिंतीमागे काही नव्हतं. नुसती विटांची भिंत. निवृत्त होईपर्यंत फिरवत होता. पाहुणे आले की दाखवायचा."

मेल्विन मनापासून हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की विल्फ हसत नाहीत.

"सॉस इकडे दे," विल्फ म्हणाले. "तो पाइप उघडला तरी गरम आणि बंद केला तरी तितकाच गरम. दुसऱ्या दिवशीच कळलं मला. म्हटलं, बघू या, स्वतःहून सांगतो का."

ऑड्रीने काटा खाली ठेवला. "कोणता पाइप?"

मेल्विन सॉसचं भांडं विल्फकडे सरकवू लागला, म्हणजे तिला उत्तर मिळालं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "समाधानाची डबी," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना."

विल्फनी ताट संपवलं. नंतरचं गोड, रूबार्बचं क्रंबलही खाल्लं, कारण अन्नाचा त्यात काही दोष नव्हता. मग वर गेले, आणि खाली आले ते डोक्यावर टोपी आणि हातात बॅग घेऊन. "पुडिंग छान झालं होतं, पोरी," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

"तू जा," ऑड्री म्हणाली.

"माझं ऐकणार नाहीत ते."

"ऐकणार नाहीत. पण माझ्यापाशी ते गप्प बसतील. तुला निदान ते शिव्या तरी देतील."

बसथांब्याच्या शेडमध्ये विल्फ बाकावर बसले होते, बॅग पायांत. बाहेर रिमझिम होती; आमच्या खोऱ्यात तिला पाऊस म्हणत नाहीत. मेल्विन शेजारी बसला. टेकडीवरची बस रविवारी तासाने येते, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर होता आणि दोघंही तो वापरत नव्हते.

"मला पॉगसन समजलास," विल्फ शेवटी म्हणाले.

"नाही."

"मग?"

मेल्विनने शेडच्या पत्र्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. आणि तोंडून एकदम निघालं ते इतक्या वर्षांच्या सवयीने, प्रत्येक नव्या घरी पहिला प्रश्न म्हणून जे विचारायचा तेच.

"मागची खोली गार असते का?"

"बरं आहे," विल्फ म्हणाले.

आमच्याकडे 'बरं आहे' हे ताप, लग्न, पूर आणि नातवंडं या सगळ्यांना चालतं.

"तसं नाही विचारत. फिटर म्हणून विचारतोय. गिऱ्हाइकाला विचारतो तसं."

मग विल्फही फिटरशी बोलावं तसंच बोलले, म्हणजे स्वतःबद्दल नव्हे, खोलीबद्दल. "उत्तरेची भिंत आहे. रेडिएटर लहान. तुम्ही दोघं झोपायला गेलात की तुझं ते बॉयलरचं घड्याळ सगळं बंद करतं. दिवसा दांडी ओढून भिंत तापवून ठेवली की जरा तग धरते. तरी पहाटे बोटं वळत नाहीत. बुटाची नाडी बांधता येत नाही."

"सांगायचं तरी."

"विचारलं होतंस?"

रोज विचारत होता. "ऊब आहे ना, विल्फ?" असं, जाता जाता, आणि "बरं आहे" ऐकून पुढे जात होता. ते विचारणं नव्हतं, हे मेल्विनला त्या बाकावर बसून कळलं, आणि कळल्याचा आनंद मुळीच झाला नाही.

"ती खोली वेगळी काढता येईल," तो म्हणाला. "जिन्याच्या वरच्या जमिनीच्या फळ्या उचलाव्या लागतील. तेवढ्या खोलीचे पाइप निराळे करायचे, त्यांना आपला एक व्हॉल्व्ह, आपलं घड्याळ. तुम्ही त्याची दांडी ओढलीत तर तीच खोली तापेल. बाकी घराला पत्ता लागणार नाही."

"खरा?"

"खरा."

"कुठला लावणार?"

"आहे एक. मी नेहमी—"

"तू नेहमीचं सोड. मी निवडणार."

वळणावर बस दिसली. शेडसमोर उभी राहिली, दार उघडलं. चालकाने टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"येताय का, बाबा?"

विल्फनी मेल्विनला विचारलं, "ते दुकान उद्या कधी उघडतं?"

"सातला."

"जा तू," ते चालकाला म्हणाले.

सोमवारी सकाळी इम्तियाझच्या काउंटरवर विल्फ टोपी काढून उभे राहिले. गार्साइड स्टुलावर होताच. इम्तियाझने एकेक खोकं उघडून मांडलं.

"हा बघा, बाबा. नवीन आलाय. फोनवरून चालतो."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"माझा फोन जिन्याखाली भिंतीला आहे. पुढचा दाखव."

"हा एकदम शांत. आवाजच नाही. दांडीबिंडी काही नाही."

"दांडी नाही, तर वीज गेली की काय करायचं?"

"वीज गेली तर पंपही बंद पडतो, विल्फ," मेल्विन म्हणाला.

"पंपाचं पंप बघेल."

तिसरा विल्फनी हातात घेतला, वजन पाहिलं, दांडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. अंग जाड पितळेचं होतं. "हा."

"तो नको," मेल्विन म्हणाला. "चांगला आहे, पण मोटर गेली तर पूर्ण घराचं पाणी काढावं लागतं. हा घ्या. याचं मोटरचं डोकं निराळं निघतं. दोन स्क्रू काढायचे, नवं बसवायचं, थेंब सांडत नाही."

"अंग पातळ आहे."

"तुमच्या एका खोलीला पुरेल. मी घसा फोडून सांगतोय ते फिटर म्हणून, जावई म्हणून नाही."

विल्फनी दोन्ही हातांत दोन व्हॉल्व्ह धरले. गार्साइडने चहाचा कप खाली ठेवला. दुकानात आणखी दोघं आले होते, तेही थांबले, कारण दुसऱ्याच्या निवडीत चूक काढायची संधी सहसा सोडू नये.

"पातळ अंगाच्याची दांडी जास्त कडक आहे," विल्फ म्हणाले.

"बोटं वळत नाहीत म्हणता ना पहाटे," मेल्विन म्हणाला.

"म्हणून तर बघतोय." त्यांनी ती पुन्हा ओढली, या वेळी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने. खाचेत बसली. "डोकं खरंच निघतं?"

इम्तियाझने काढून दाखवलं. विल्फनी ते परत बसवलं, पुन्हा काढलं, परत बसवलं.

"हाच," ते म्हणाले. "हा माणसाने विचार करून बनवलाय."

"जावयाने निवडलाय," गार्साइड म्हणाला.

"त्याने सांगितला. निवडला मी."

काम चार दिवस चाललं, खरं म्हणजे दोन दिवसांचं होतं. फळ्या उचलल्यावर मेल्विन आत पालथा पडे आणि विल्फ वरून विजेरी धरत. विजेरी पाइपापेक्षा मेल्विनच्या चुकांवर जास्त पडे. टाकीच्या व्हॉल्व्हची दांडी भिंतीकडे का, हे त्यांनी विचारलं. मेल्विनने सांगितलं. "बरोबर," विल्फ म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही," आणि पुढे कधी लावलाही नाही. मेलेला व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः काढला. ऑड्री चहा घेऊन वर येई, दोघांच्या पाठी बघे आणि कप ठेवून खाली जाई. नवऱ्याशी ती बुधवारपासून पुन्हा बोलू लागली होती. पहिलं वाक्य होतं, "टॉवेलांची फळी जिथे होती तिथे परत लाव."

शुक्रवारी पाणी भरलं. विल्फनी दांडी ओढली आणि दोघं मागच्या खोलीत गेले. दोघांनीही रेडिएटरवर तळहात ठेवले, शेजारी शेजारी. आधी वरची कड कोमट झाली. मग बाकीचा.

"येतंय," विल्फ म्हणाले.

"येतंय," मेल्विन म्हणाला.

ईस्टरचा आठवडा आला तेव्हा ऑड्रीने काही विचारलं नाही. तिने फक्त हॉट क्रॉस बन जास्त भाजले आणि वडिलांची बॅग माळ्यावर, हाताला येणार नाही इतकी मागे सरकवली. शनिवारी सकाळी विल्फ टोपी घालून जिन्याखाली उभे राहिले.

"मेल्विन, गाडी काढतोस? वर जायचंय."

ऑड्री चहाचा कप हातात घेऊनच दारात आली. मेल्विनने तिच्याकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि गाडी काढली. ते दोघे जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. ऑड्रीने तेवढ्या वेळात ओटा दोनदा पुसला आणि एकदा उगाच धुतला.

गाडी परत आली तेव्हा मागचं दार दोरीने बांधलेलं होतं आणि त्यातून विल्फच्या शेगडीजवळच्या खुर्चीचे चार पाय बाहेर आलेले होते. विल्फ पुढच्या सीटवर, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ.

"ही मागच्या खोलीत मावेल ना?" ते ऑड्रीला म्हणाले.

"मावेल," ती म्हणाली. "पलंग जरा सरकवू."

"वर शेजारच्या पोराला किल्ली दिलीय. कबुतरं ठेवणार म्हणतोय अंगणात. म्हटलं, ठेव."

खुर्ची वर चढवताना जिन्याच्या वळणावर अडकली, तेव्हा मेल्विनने ती डावीकडून फिरवायला सांगितली आणि विल्फनी उजवीकडून. उजवीकडून गेली.

मागची खोली आता घरात सगळ्यांत गरम असते. दांडी बहुतेक वेळ खाचेतच असते, आणि खिडकी थोडी उघडी. संध्याकाळी गारठा वाटला की मेल्विन तिथे जाऊन बसतो.